खोडदच्या तबकड्यांखाली तीन दिवस

पुणे-नाशिक महामार्गावरून आजवर किती वेळा गेले असेन याची मोजदाद नाही. पण नारायणगावला उतरून खोडदच्या रस्त्याला लागण्याचा योग यंदाच्या फेब्रुवारीत प्रथमच आला, आणि तोही नववीतल्या भाच्याच्या हट्टामुळे. जगातली एक मोठी दुर्बीण पुण्यापासून अवघ्या ऐंशी किलोमीटरवर आहे, तिला भिंग नाही आणि ती भर दुपारीही आकाशाचे निरीक्षण करते, असे त्याला शाळेत कोणीतरी सांगितले होते. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, तिथे सर्वांना प्रवेश असतो, एवढी माहिती मी काढली आणि आम्ही दोघे आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने निघालो.

पहिला दिवस : २७ फेब्रुवारी

नारायणगावात सांगून ठेवलेली लॉजमधली खोली आम्ही पोहोचण्याआधीच दुसऱ्या कोणाला दिली गेली होती. माझ्या एका जुन्या सहशिक्षिकेचे माहेर इथले. तिला फोन केला आणि अर्ध्या तासात तिच्या वहिनींच्या पडवीत आम्ही चहा पीत बसलो होतो. ज्यांना असे माहेर हाताशी नसेल त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की विज्ञान दिनाच्या सुमारास दूरदूरच्या शाळांच्या गाड्या इकडे येतात. खोली बरीच आधी ठरवावी आणि निघण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा फोन करून खात्री करून घ्यावी.

वहिनींच्या यजमानांना सगळी आळी भाऊ म्हणते, म्हणून आम्हीही भाऊच म्हणू लागलो. ऊन उतरल्यावर त्यांनी आम्हाला गाडीत घालून खोडदच्या दिशेने नेले. दोन्ही बाजूंना काढणीला आलेला कांदा, द्राक्षांचे मांडव आणि मध्ये मध्ये ऊस होता. एका वळणावर उसाच्या तुऱ्यांच्या वर अचानक पहिली तबकडी दिसली, मग तिच्यामागे दुसरी, आणि पुढच्या चढावर एकदम सात-आठ. सगळ्यांची तोंडे एकाच बाजूला वळलेली होती. वर्गात बाई फळ्याकडे बोट दाखवतात तेव्हा सारी मुले एकदम तिकडे बघतात, तसे ते दृश्य होते. फक्त त्या बाजूला आम्हाला रिकाम्या निळ्या आकाशाखेरीज काही दिसत नव्हते.

या दुर्बिणीचे इंग्रजी नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. गावात सगळे तिला जीएमआरटी म्हणतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतल्या १४ खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरच्या आवारात दाटीने उभ्या आहेत, तर उरलेल्या १६ पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन फांद्यांवर, लोकांच्या शेतांमधून, दूरवर गेल्या आहेत. सर्वांत लांबच्या दोन तबकड्यांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते आणि सगळ्यांनी मिळून टिपलेले संकेत एकत्र केले की बारकावे पाहण्यापुरती ती एकच पंचवीस किलोमीटर रुंदीची दुर्बीण असल्यासारखे काम होते. भाऊंना यातले काही नवे नव्हते. “आमच्याकडं पत्ता सांगताना किलोमीटर सांगत नाहीत,” ते म्हणाले, “दुसऱ्या छत्रीच्या पुढं डाव्या हाताला, असं सांगतात.”

अंधार पडायच्या आत भाऊंनी गाडी वळवली, कारण जुन्नर तालुक्यातल्या उसात बिबट्याचा वावर असतो आणि इथले लोक ही गोष्ट पाऊसपाण्याच्या गप्पांइतक्या सहजपणे सांगतात. संध्याकाळनंतर या रस्त्यांवर पायी फिरण्याचा मोह पाहुण्यांनी टाळावा. रात्री वहिनींनी मासवडी आणि तिखट रस्सा केला होता, सोबत बाजरीची भाकरी. भाच्याने रश्श्याची तिसरी वाटी मागितली तेव्हा या सहलीबद्दलची माझी धास्ती संपली.

दुसरा दिवस : २८ फेब्रुवारी

सकाळी नऊच्या सुमारास फाटकापाशी पोहोचलो तेव्हा शाळांच्या बसची रांग लागली होती आणि पहाटेची थंडी अजून हवेत होती. तासाभरात ती कुठल्या कुठे गेली. टोपी, पाण्याची बाटली आणि बंद बूट, या तीन गोष्टींवाचून इथे येऊ नये. आवार मोठे आहे आणि सावली फार थोडी.

आत शिरताना मोबाइल बंद करायचा हे मला ठाऊक होते आणि मी तो बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवलाही होता. भाच्याचे मनगटी घड्याळ मात्र माझ्या लक्षातच आले नव्हते. सुरक्षारक्षकाने त्याच्याकडे नुसते बोट दाखवले आणि विचारले, “हे फोनशी बोलतं ना?” बोलत होते. घड्याळ काढून, बंद करून ठेवावे लागले आणि वाढदिवसाच्या भेटीचा हा अपमान पचवायला भाच्याला पाव तास लागला. बिनतारी हेडफोनही याच यादीत येतात. कागदाची वही आणि पेन्सिल आणावी. मी आणली होती म्हणूनच हे तपशील हाताशी आहेत.

इतकी कडक शिस्त कशासाठी, हे पहिल्याच मांडवात एका तरुण संशोधिकेने मुलांना समजावून सांगितले. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात, की चंद्रावर एखादा साधा मोबाइल फोन चालू करून ठेवला तर इथून पाहताना तो आकाशातल्या सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांमध्ये गणला जाईल. मग तोच फोन तबकडीपासून शंभर मीटरवर असेल तर? नूतनीकरणानंतर ही दुर्बीण १२० ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ अशा चार पट्ट्यांत काम करते. ८५० ते १०५० ही मधली फट का सोडली असे एका मुलीने विचारले, तेव्हा बाई हसून म्हणाल्या, “तिथं तुमचे फोन गप्पा मारतात.” पण फट सोडली म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. जवळच्या फोनचा संकेत इतका जोरकस असतो, की तबकडीच्या नाभीशी, म्हणजे तबकडीवरून परतलेल्या लहरी जिथे एकवटतात तिथे, असलेला अतिसंवेदनशील वर्धक (संकेत मोठा करणारे उपकरण) त्याने दिपून जातो आणि मग शेजारच्या पट्ट्यांतलेही त्याला नीट ऐकू येत नाही. कानाशी कोणी ढोल बडवला तर पलीकडच्या खोलीतली कुजबुज ऐकू येत नाही, ती ढोलाच्या सुरात नसली तरी.

त्यानंतर आम्ही एका तबकडीच्या पायथ्याशी गेलो, आणि माझ्या दृष्टीने या तीन दिवसांतला सर्वांत मोलाचा तास तिथे गेला. काँक्रीटचा मनोरा सुमारे १५ मीटर उंचीचा आहे आणि त्यावर ती प्रचंड तबकडी पेलली आहे. पण खाली उभे राहून मान वर केली की तबकडीतून चक्क आकाश दिसते. ती पत्र्याची नाहीच. पोलादी नळ्यांच्या १६ अन्वस्ताकार चौकटी, त्यांच्यामध्ये ताणलेले स्टेनलेस स्टीलचे दोर, आणि त्या दोरांना बांधलेली जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेची जाळी, अशी तिची रचना आहे. जाळीचे घर मध्यभागी १० मिलिमीटरचे, पुढे १५ आणि कडेला २० मिलिमीटरचे आहे. इथे ऐकल्या जाणाऱ्या लहरींची लांबी वीस-एकवीस सेंटीमीटरपासून दोन मीटरच्याही पुढे असते; त्या लहरींना ही छिद्रे जाणवतच नाहीत आणि त्या आरशावरून परतावे तशा परततात. वारा मात्र आरपार निघून जातो. वाऱ्याचा भार कमी, म्हणून पोलाद कमी, म्हणून खर्च कमी, अशी ही साखळी आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी १९८०च्या दशकात ही कल्पना मांडली. ती मुळात पैसे वाचवण्यासाठी होती आणि तीच पुढे दुर्बिणीची ओळख ठरली, याचे मला फार कौतुक वाटते. भाचा मात्र जमिनीवर पडलेल्या जाळीच्या सावलीकडे बघत म्हणाला, “मावशी, ही तर रव्याची चाळण आहे.”

तिथे माहिती देणारे तंत्रज्ञ जवळच्याच एका गावचे होते आणि तबकड्या उभारल्या जात होत्या तेव्हापासून इथे काम करत होते. देखभालीबद्दल विचारल्यावर त्यांचा चेहरा खुलला, कारण बहुतेक पाहुणे फक्त परग्रहवासीयांबद्दल विचारतात, असे त्यांनीच सांगितले. ऊन, पाऊस आणि वारा यांनी जाळीचे सांधे सुटतात. तेवढा तुकडा काढून नवा बांधावा लागतो. नळ्यांवर गंज दिसला की तो खरवडून पुन्हा रंग चढवायचा, आणि एका टोकाचा रंग पूर्ण होईतो दुसरे टोक पुन्हा रंगाला आलेले असते. तबकडी आडवी फिरवणारे आणि वर-खाली करणारे असे दोन अक्ष असतात आणि दर अक्षाला दोन मोटारी. त्या दोन्ही मुद्दाम एकमेकींविरुद्ध किंचित ताण धरून ठेवतात, म्हणजे दातेरी चाकांमधली ढिलाई नाहीशी होते आणि तबकडी थांबेल तिथे नेमकी थांबते. या मोटारी, त्यांचे ब्रेक, गिअरबॉक्समधले तेल आणि मोठ्या बेअरिंगचे वंगण यांची तपासणी सतत चालू असते. सर्वांत अवघड काम नाभीशी असलेल्या ग्राहकांचे, म्हणजे लहरी टिपणाऱ्या उपकरणांचे. वेगवेगळ्या पट्ट्यांचे ग्राहक तिथे एका फिरत्या चौकोनी खोक्याच्या चार बाजूंना बसवलेले आहेत आणि हव्या त्या पट्ट्याचा ग्राहक फिरवून समोर आणता येतो. त्यातला एखादा बिघडला, तर तबकडी शक्य तितकी खाली वाकवून, म्हणजे क्षितिजापासून साधारण १७ अंशांपर्यंत, उंच उचलणाऱ्या गाडीतून माणसाला तिथवर न्यावे लागते.

“आणि वादळ आलं तर?” भाच्याने विचारले.

“वारा चाळीसच्या वर गेला की काम थांबवतो. सगळ्यांची तोंडं सरळ आभाळाकडं करतो आणि अडकवून ठेवतो. निजवतो म्हणा ना.” ताशी चाळीस किलोमीटर, हे त्यांनी मागाहून जोडले.

हे बोलणे चालू असतानाच पलीकडच्या तीन-चार तबकड्या हलू लागल्या. आवाज जवळजवळ नव्हताच. भोवतीच्या मुलांचा गलका मात्र एकाएकी थांबला. वेगाने वळताना तबकडी आडव्या दिशेत मिनिटाला ३० अंश फिरू शकते, म्हणजे घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या पाचपट वेगाने. हा आकडा वाचताना क्षुल्लक वाटतो, पण ४५ मीटरची वस्तू त्या वेगाने डोक्यावर वळते तेव्हा आपणच फिरतो आहोत असा भास होतो. त्या बहुधा एखाद्या परिचित, ठळक स्रोताकडे वळल्या असाव्यात, असे तंत्रज्ञ म्हणाले. निरीक्षण करताना मधून मधून ज्याची तेजस्विता आणि जागा पक्की माहीत आहे अशा स्रोताकडे पाहून सगळ्या तबकड्यांचा सूर जुळवून घ्यावा लागतो. गवयाने दोन बंदिशींच्या मध्ये तानपुरा लावून घ्यावा, तशी ही देखभाल दिवसरात्र चालते आणि ती कोणाला दिसतही नाही.

प्रदर्शनाचा मांडव जेवणानंतर पाहिला. आसपासच्या आणि लांबच्या गावांतल्या मुलांनी आपापले प्रयोग मांडले होते. ठिबक सिंचन आपोआप बंद करणारी यंत्रे इतकी होती, की चौथ्या ठिकाणी मी पुढे सरकले. पण छत्रीच्या काड्या आणि कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वापरून केलेली तबकडीची प्रतिकृती पाहून मात्र थांबले. तिच्यासमोर उभ्या असलेल्या सातवीतल्या मुलाने जाळीच्या घराचा आणि लहरींच्या लांबीचा संबंध मला माझ्याच वर्गात मी कधी सांगितला नसता इतक्या स्वच्छ मराठीत सांगितला. मोठ्या संस्थांनी लोकांसाठी दारे उघडण्याचा कार्यक्रम पुष्कळदा भाषण आणि चहापाणी यांवरच आटोपतो, असे माझे मत होते. इथे मुले स्वतःच सांगणारी होती आणि संशोधक त्यांच्यासमोर उभे राहून प्रश्न विचारत होते. हा उलटा क्रम मला आवडला.

संध्याकाळच्या सुमारास एका वक्त्यांनी १९ ऑक्टोबर २०१६ ची हकीकत सांगितली. त्या दिवशी युरोपचे स्किआपरेली हे यान मंगळावर उतरत होते आणि त्याचा क्षीण संकेत पृथ्वीवर थेट ऐकण्याचे काम खोडदच्या तबकड्यांनी केले. यान मंगळाच्या वातावरणात शिरताना इथल्या पडद्यावर त्याची रेघ उमटत राहिली आणि उतरण्याच्या ठरल्या क्षणाच्या थोडी आधी ती नाहीशी झाली. यान आदळून नष्ट झाले होते. वक्ते थांबले तेव्हा मांडवात कोणीच टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेतून एका शेतकऱ्याने विचारले, “म्हणजे तवा आमची मोटर चालू असती तर?” लोक हसले, वक्ते मात्र हसले नाहीत. सदोष मोटर, ठिणग्या उडवणारा विजेचा खांब, वेल्डिंगचे यंत्र, या सगळ्यांचा गोंगाट दुर्बिणीला ऐकू येतो, विशेषतः लांब लहरींच्या पट्ट्यांत, असे त्यांनी सविस्तर समजावले. सह्याद्रीच्या डोंगरांची आड आणि शहरांपासूनचे अंतर पाहून ही जागा निवडली होती, पण गेल्या तीस वर्षांत या परिसरात वस्ती, कारखाने आणि मोबाइलचे मनोरे वाढले. त्यामुळे भोवतालची शांतता टिकवण्यासाठी वीज कंपनी, दूरसंचार कंपन्या, ग्रामपंचायती आणि शेतकरी या सर्वांशी सतत बोलत राहावे लागते. सकाळी घड्याळ काढून ठेवावे लागल्याचा भाच्याचा राग बहुधा इथे पुरता ओसरला.

निघताना फलकावरची तबकड्यांची यादी उतरवून घेतली. मधल्या चौकातल्या चौदा तबकड्यांचे क्रमांक सी-०० पासून सी-१४ पर्यंत आहेत, पण त्यांत सी-०७ नाही. पूर्वेची फांदी ई-०२ पासून सुरू होते आणि दक्षिणेला एस-०५ गाळलेला आहे. भाच्याने ही तिन्ही छिद्रे मोजून काढली आणि रात्री जेवताना त्यांवर निरनिराळे तर्क लढवले.

तिसरा दिवस : २९ नव्हे, १ मार्च

यंदा फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचाच, त्यामुळे भाच्याच्या वहीत ‘२९ फेब्रुवारी’ लिहून खोडलेले आहे. पहाटे साडेपाचला भाऊंनी आम्हाला नारायणगडाच्या पायथ्याशी सोडले. खोडदपासून हा किल्ला जवळ आहे आणि चढ सोपा आहे; रमतगमत चढले तरी सूर्य तापण्याआधी माथ्यावर पोहोचता येते. पाणी मात्र खालूनच न्यावे. वर कातळात कोरलेली टाकी आणि देवीचे देऊळ आहे, पण आम्ही दोघेही पाठ फिरवून खालच्या पठाराकडे बघत बसलो. धुके विरळ होत गेले तशी एक एक तबकडी वर आली. काल खालून अवाढव्य वाटलेल्या त्या वस्तू इथून टाचण्यांएवढ्या दिसत होत्या. नकाशावरची इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची रचना पूर्ण जुळवता आली नाही; मधला पुंजका ओळखू येतो, फांद्यांवरच्या तबकड्या शेतांत विखुरलेल्या भासतात. दुर्बिणीचा खरा विस्तार समजून घ्यायचा असेल तर आवारात जाण्याआधी हा गड चढावा. आम्ही क्रम उलटा केला याची मला चुटपुट लागली.

वर बसल्या बसल्या भाच्याला दुसऱ्या एका दुर्बिणीबद्दल सांगितले. महामार्गाच्या पलीकडे, आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर आयुका या संस्थेची प्रकाशीय दुर्बीण आहे, २००६ पासून चालू असलेली, दोन मीटरच्या आरशाची. तसल्या दुर्बिणीची देखभाल निराळी असते. आरशावरचा अ‍ॅल्युमिनिअमचा अतिशय पातळ थर धुळीने आणि दमट हवेने मंदावतो. मग आरसा उतरवून, जुना थर रसायनाने धुऊन, हवा काढून घेतलेल्या टाकीत अ‍ॅल्युमिनिअमची वाफ करून नवा थर चढवतात. तिथे पावसाळ्याचे ढग आले की निरीक्षण थांबते; खोडदला ढगांची फिकीर नसते.

परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून भाऊंनी गाडी एका लांबच्या तबकडीकडे वळवली. इथे मांडव नव्हता, माहिती देणारे नव्हते. शेतांच्या मधोमध कुंपण घातलेला एक तुकडा, त्यात मनोरा आणि वर तीच चाळण, आकाशाच्या कुठल्याशा कोपऱ्याकडे झुकलेली. कुंपणाच्या आत जाण्याचा प्रयत्न करू नये. विज्ञान दिन सोडून इतर दिवशी दुर्बीण पाहायची असेल तर संस्थेची पूर्वपरवानगी काढावी लागते. शेजारच्या वावरात एक आजोबा कांद्याची पात कापत होते. भाऊंची ओळख निघाली आणि त्यांनी आम्हाला बांधावर बसवून द्राक्षांचा घड पुढे केला.

मी त्यांना विचारले की, या छत्रीचा काही त्रास होतो का. ते म्हणाले, रस्त्याचे काम निघाले की कार्यालयाची माणसे येऊन सांगून जातात, इथे जपून खणा, खालून तार गेली आहे. ही तार म्हणजे तबकडीने टिपलेला संकेत मुख्य इमारतीपर्यंत नेणारी प्रकाशतंतूंची केबल. ती तुटली तर इतकी मोठी तबकडी नुसती शोभेची उरते. मग त्यांनी विळ्याने बांधाच्या टोकाचा विजेचा खांब दाखवला.

“तीन सालामागं जीपमधून पोरं आली. हातात छोटी अँटेना. सगळ्या रानात फिरली आणि या खांबापाशी थांबली. म्हणाली, बाबा, इथं ठिणगी पडतीया. मला काय दिसंना. रात्री येऊन बघितलं तर खरंच, चिनी मातीच्या त्या वाटीपाशी निळं निळं. चार दिवसांनी वायरमन आला, वाटी बदलली.” त्यांनी पातीची जुडी बांधली. “त्याच्या आधी वर्षात दोनदा माझी मोटर जळाली होती. त्यानंतर एकदा बी नाय.”

भाच्याने वही काढली आणि खांबाचे चित्र काढू लागला. मागे तबकडी कुठलाही आवाज न करता थोडीशी वळली. आजोबांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. एसटी साडेअकराची आहे, दुसरी थेट दीडला, असे म्हणून त्यांनी उरलेली द्राक्षे माझ्या पिशवीत, बंद फोनच्या शेजारी, घातली.